अर्ध्या तिकिटांची पेटी

मित्रांनो, पेटी म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे भाता आणि काळ्या-पांढऱ्या पट्ट्या येतील. मी तसली नव्हे. मला सूर नाही. मी साध्या लाकडाची, माथ्यावर एक चीर असलेली, पाठीला झाकण आणि झाकणाला कडी असलेली जुनी पेटी आहे. माझ्या पोटावर पिवळ्या रंगाने ‘पसंतीची पेटी’ असे लिहिले आहे. गाण्यांच्या गर्दीत माझे सारे तारुण्य गेले. माझ्यात गाणे कधी शिरले नाही. शिरली ती माणसांची आवड, घडीघडीने, चिठ्ठीचिठ्ठीने.

पाण्याच्या टाकीमागच्या मैदानावर दरवर्षी थंडी सरताना तीन दिवसांचा गाण्यांचा महोत्सव भरतो. पहिल्या वर्षी तिथे लाकडी रंगमंच उभारला, तेव्हा उरलेल्या फळ्यांतून सुताराने मला घडवले. महोत्सवाचे चिटणीस शेजारी उभे राहून घाई करत होते. सुतार म्हणाला, “लाकूड ओलं आहे साहेब. वाळलं की तळाला फट पडेल.”

“पडू दे हो,” चिटणीस म्हणाले. “चिठ्ठ्याच ठेवायच्यात, पाणी नाही भरायचं.”

माझ्या जन्माच्या वेळी माझ्याबद्दल बोलली गेलेली ही एवढीच वाक्ये.

आमच्या महोत्सवाची एक रीत होती. फाटकावर तिकीट फाडून अर्धे रसिकाच्या हातात परत देत. त्या अर्ध्या तिकिटाच्या मागे रसिकाने एकच नाव लिहायचे: पुढच्या वर्षी शेवटच्या दिवशी, सगळ्यांत शेवटी, कोणाला ऐकायचे आहे त्याचे. ते अर्धे तिकीट माझ्यात टाकायचे. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मला रंगमंचावर नेऊन सर्वांदेखत उघडत आणि एकेक नाव मोठ्याने वाचत. ज्याच्या चिठ्ठ्या जास्त, शेवटचा मान त्याचा. बरोबरी झाली तर ज्याच्याकडे मान आहे त्याच्याकडेच तो राहायचा.

वर्षाचे बाकीचे दिवस मी तिकीटखिडकीच्या आतल्या फळीवर बसून असे. तिकीटविक्री सुरू झाली की खिडकीसमोरची रांग टाकीला वळसा घालून जायची. आणि मित्रांनो, काय ती भांडणं! मला कान नाहीत, पण लाकूड ऐकते.

“तिन्ही दिवसांचं तिकीट एकदम घ्यायचं म्हणजे काय जबरदस्ती आहे? मला फक्त शेवटचा दिवस हवाय.”

“शेवटचा दिवस सगळ्यांनाच हवाय. मग पहिल्या दिवशी गाणाऱ्यानं काय खुर्च्यांना ऐकवायचं?”

“खुर्च्या निदान मधेच उठून चहाला जात नाहीत.”

“अहो काका, पुढच्या चार रांगा खिडकी उघडायच्या आधीच कशा संपतात, तेवढं सांगा.”

खिडकीवाले काका चष्मा कपाळावर सारून म्हणत, “मला विचारू नका. मी आयुष्यात कधी पुढे बसलोय का?” मग सगळे हसत आणि रांग एक पाऊल पुढे सरके.

या रांगेत दोन माणसे दरवर्षी एकामागे एक उभी असत. एक कपडे शिवणारी बाई. शिवणाऱ्या पुरुषाला लोक मास्तर म्हणतात, म्हणून हिला सगळे मास्तरीणबाई म्हणत. रंगमंचाचा मोठा पडदा तिनेच शिवला होता. दुसरा त्या भागातला पोस्टमन. दोघेही चाळिशीपलीकडचे. ती एकटीच राहायची. त्याची बायको गेली होती आणि एक मुलगी होती, सासरी. दोघांत जो पहिला येई तो दुसऱ्यासाठी रांगेत जागा धरी आणि दुसरा आला की लगेच भांडणाला सुरुवात.

पोस्टमनला हवे असत भिंतफोडे, शेवटचा मान वर्षानुवर्षे राखून असलेले. खरे नाव वेगळेच होते त्या वाद्यवृंदाचे. पण त्यांचे ढोल घुमू लागले की टाकीतले पाणी हलते असे लोक म्हणत, म्हणून हे नाव पडले. मास्तरीणबाईला हव्या असत तीनच्या बाई. त्यांचेही खरे नाव वेगळे. त्या एकट्याच गात, जवळजवळ वाद्यांशिवाय, आणि त्यांना दरवर्षी पहिल्या दिवशी दुपारी तीनची वेळ मिळे. ऊन थेट डोळ्यांत, माणसे अजून खुर्च्या शोधताहेत, कोणी कोणाला हाका मारतोय, आणि त्यात त्या बाई डोळे मिटून गात उभ्या.

“तुमचे भिंतफोडे म्हणजे नुसती आदळआपट,” मास्तरीणबाई म्हणायची.

“आणि तुमच्या बाई गातात की कुजबुजतात, तेच कळत नाही,” पोस्टमन म्हणायचा. “मी दिवसभर गप्प चालतो, मास्तरीणबाई. रिकामे जिने, बंद दारं. वर्षातून एकदा छातीत कोणीतरी ढोल वाजवावा असं वाटतं.”

“आणि मी दिवसभर मशीनची खडखड ऐकते. मला वर्षातून एकदा गप्प बसून ऐकायचंय. फक्त एकदा, सगळे आलेत, ऊन उतरलंय, कोणी हलत नाही, आणि शेवटी ती बाई. एकदाच हो. मग मी मरेपर्यंत तुमचे ढोल ऐकेन.”

पोस्टमनची एक सवय सांगायला हवी. उघडा कागद कोणाच्या हाती द्यायचा नाही, हे त्याच्या अंगात मुरले होते. बाकीचे रसिक अर्धे तिकीट तसेच सपाट टाकत. हा मात्र ते चार घड्या घालून, खिशातल्या डबीतला डिंक लावून बंद करी आणि वर बारीक अक्षरांत लिही: ‘प्रति, पसंतीची पेटी, मैदान.’ मोजणीत ती जाड चिठ्ठी हाती आली की चिटणीस ओरडत, “आलं टपाल!” आणि मैदान हसे. सगळ्यांना ठाऊक असे की आतून भिंतफोडे निघणार.

लोक हसत. मी हसत नसे. मित्रांनो, शेकडो माणसांनी माझ्यात चिठ्ठ्या टाकल्या, पण माझे नाव घालून मला पत्र लिहिणारा तो एकटा होता.

मग एका वर्षी पहिल्या दिवशी त्याला सुट्टी मिळाली. मास्तरीणबाईने त्याला ओढूनच दुपारी तीनला आणले. तेव्हा मी फाटकाजवळ स्टुलावर होते आणि ते दोघे माझ्यापासून दहा पावलांवर बसले होते. तीनच्या बाई गात होत्या:

दार लोटलेलं माझं, कडी घालू मी कशाला
पाऊल वाजेना तरी, कान माझा उंबऱ्याला

पोस्टमन आधी पाय हलवत होता. मग त्याचे पाय थांबले. गाणे संपले तरी तो टाळ्या वाजवायला विसरला.

“काय झालं?” मास्तरीणबाईने विचारले.

“अशी दारं माहीत आहेत मला,” तो म्हणाला. “माझ्या रोजच्या वाटेवर आहेत. मी पुढे निघून जातो ना, तेव्हा ती लागत नाहीत. लोटलेलीच राहतात.” मग तो म्हणाला, “या वर्षी माझं मत तुमच्या बाईंना.”

“खरं?”

“पोस्टमन आहे मी. दिलेलं पोचवतो.”

तिने लगेच तोंड फिरवले. मला वाटते तिच्या डोळ्यांत पाणी आले असावे, पण ऊनही तिकडूनच येत होते. त्या तीन दिवसांत ती मैदानभर फिरली. पाव तयार करणाऱ्या भटारखान्यातल्या मुली, शाळेतल्या बाई, रिक्षावाले, सगळ्यांना सांगत सुटली, “यंदा जमेल. यंदा नक्की जमेल.” आणि तिसऱ्या दिवशी पोस्टमन आला, त्याने खिशातली डबी काढली, घड्या घातल्या, डिंक लावला, माझे नाव लिहिले आणि चिठ्ठी माझ्या चिरेत सोडली.

ती चिठ्ठी जाड होती. सपाट चिठ्ठ्यांसारखी ढिगावर विसावली नाही. कडेने घसरत गेली, कोपऱ्याशी पोचली आणि तळाच्या त्या फटीत पुरती शिरून अडकली. सुताराचे म्हणणे खरे ठरले होते. माझे लाकूड वाळले होते.

संध्याकाळी मला रंगमंचावर नेले. चिटणिसांनी झाकण उघडून मला उलटे केले आणि दोनदा हलवले. आत हात फिरवला. बोटे फटीवरून गेली, त्यांना काही लागले नाही. मित्रांनो, त्या क्षणी मला दात असते तर मी ती बोटे धरून ठेवली असती. तिसऱ्यांदा हलवले असते तरी पुरे होते.

नावे वाचली जाऊ लागली. भिंतफोडे. तीनच्या बाई. तीनच्या बाई. भिंतफोडे. मधूनच कोणीतरी स्वतःच्या मेहुण्याचे नाव लिहिलेले निघे आणि हशा पिके. पण जसजसा ढीग कमी झाला तसतसे मैदान गप्प होत गेले. शेवटची चिठ्ठी वाचून झाली तेव्हा चिटणिसांनी घसा खाकरला. दोन्ही बाजूंना एकशे एक्केचाळीस. बरोबरी. शेवटचा मान भिंतफोड्यांकडेच राहणार होता.

आणि त्या संध्याकाळी ‘आलं टपाल’ असे कोणीच ओरडले नव्हते.

मला परत खिडकीत नेऊन ठेवले. तिथे खिडकीसमोरच मास्तरीणबाईने पोस्टमनला गाठले.

“तुमची चिठ्ठी कुठे आहे?”

“टाकली की.”

“मग निघाली का नाही?”

“ते मला काय माहीत? मी टाकली, माझ्या हातांनी टाकली.”

“घडी घालून?”

“घडी घालून.”

“पोस्टमनचं टपाल हरवतं होय?”

ती बोलत राहिली. रागापेक्षा त्या बोलण्यात दुसरेच काही होते. “नसतं टाकायचं तर सांगायचं होतंत. ‘मला ढोलच हवेत’ म्हणायचं. मी काय बळजबरी केली होती? सपाट चिठ्ठीवर भिंतफोडे लिहून टाकलंत, म्हणजे ओळखू येणार नाही. होय ना?”

“मास्तरीणबाई,” तो हळू म्हणाला, “अठ्ठावीस वर्षांत माझ्या हातून एक पोस्टकार्ड हरवलेलं नाही.”

“मग हे पहिलं.”

तो वळला आणि टाकीच्या बाजूने निघून गेला. मी फळीवर होते. त्या दोघांच्या मध्ये, वीतभर अंतरावर. त्याचा खरेपणा माझ्या पोटात होता आणि मला तोंड म्हणून जी चीर दिली होती ती फक्त आत घेण्यासाठी होती, बाहेर काही देण्यासाठी नव्हती.

पुढच्या वर्षी तो रांगेत आला नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. मास्तरीणबाई तिकीट घेताना सवयीने मागे एक पाऊल जागा सोडून उभी राहायची. मागचा माणूस म्हणायचा, “अहो, पुढे सरका ना.”

तीनच्या बाईंनी कळवले की गुडघे साथ देत नाहीत, आता एवढा प्रवास होणार नाही. दुपारी तीनला आता नव्या गाणाऱ्याला उभे करतात. बाईंबद्दल कोणी आवर्जून विचारत नाही.

त्यानंतर तिकिटे फोनवर मिळू लागली. फाडायला काही उरले नाही, मग अर्धे तरी कशाचे देणार? पसंतीही फोनवरच. कार्यालय पाच नावे पाठवते, त्यातले एक दाबायचे. भांडणेही म्हणे फोनवरच होतात. कशी होत असतील कोण जाणे. समोरचा हसतोय की रडतोय हे न बघता भांडायचे म्हणजे अंधारात सुई ओवायचे काम. खिडकी बंद झाली. काकांना फाटकावर उभे केले, आणि मला रंगमंचामागच्या अडगळीच्या खोलीत टाकले. तिथे तुटक्या खुर्च्या, तारांची भेंडोळी आणि गेलेल्या वर्षांच्या जाहिराती असतात. त्यांच्यावर मोठ्या अक्षरांत छापलेली नावे असतात. त्यांतली निम्मी आता कोणाला आठवत नाहीत.

एकटेपणाची सवय होते असे म्हणतात. मला झाली नाही. पोटात एक पत्र होते, माझ्याच नावाचे, आणि मला ते वाचता येत नव्हते, देताही येत नव्हते.

वर्षातून एकदा मात्र खोलीचे दार उघडे. महोत्सवाआधीच्या आठवड्यात मास्तरीणबाई पडदा दुरुस्त करायला येई. पडदा एवढा जड की तो दुकानात नेता येत नसे. ती दोरा-सुई घेऊन इथेच येई आणि बसायला खुर्ची धड नसल्यामुळे माझ्यावर बसे. हो मित्रांनो, माझ्यावरच. सलग नऊ वर्षे ती त्या चिठ्ठीपासून एका फळीच्या अंतरावर बसून पडदा शिवत राहिली. तिचे केस पांढरे झाले. दोरा ओवायला दोनदा, मग चारदा, मग सहा वेळा प्रयत्न लागू लागले. ती कधीकधी गुणगुणायची. ‘पाऊल वाजेना तरी’ इथवर यायची आणि पुढची ओळ गायची नाही.

खिडकीवाले काका दुपारी चहा घेऊन येत.

“या वर्षी शेवटी कोण?” ती विचारी.

“कोणीतरी आहे बाई. पोरं नाव घेतात. मला उच्चारता येत नाही.”

“बघणार का?”

“फाटकावरून ऐकू येईल तेवढं. तू?”

“पडदा उघडला की माझं काम संपलं,” ती म्हणे.

दोघे चहा पीत. एवढेच बोलणे.

हे परवाचे आहे. पडद्याची खालची कड उसवली होती. ती माझ्यावर बसून टाके घालत होती आणि जाड सुई तिच्या बोटांतून निसटली. ती खाली वाकली. पडद्याच्या घड्या झटकल्या, जमिनीवर हात फिरवला.

“राहू दे,” काका म्हणाले. “दुसरी घे.”

“असं कसं राहू दे? उद्या इथून नाचणाऱ्या मुली अनवाणी जातील. सुई हरवून चालत नाही.”

तिने पिशवीतला लोहचुंबक काढला आणि सगळीकडे फिरवला. माझ्याजवळ आणला तेव्हा आत बारीकसे टकटकले. सुई माझ्या चिरेतून आत पडली होती. तिने माझे झाकण उघडले, चुंबक आत घातला. सुई हलली, पण आली नाही. तळाच्या फटीत अडकली होती. मग तिने मला उलटे केले. एकदा हलवले. दोनदा. नंतर दोन्ही हातांनी माझा तळ थोपटला, जसे झोपलेल्याला उठवतात तसा.

सुई पडली. सुईबरोबर एक चिठ्ठी पडली. चार घड्यांची.

तिने ती उचलून उजेडाकडे धरली. वरचे अक्षर तिने लगेच ओळखले असणार. डिंक कधीच वाळून गेला होता. नखाचा धक्का लागताच घडी सुटली. मला फक्त तिचे ओठ दिसत होते. ते हलले, आवाज न करता, आणि त्यांवर तीनच्या बाईंचे नाव होते.

“काय आहे?” काकांनी विचारले.

“पोस्टमन कुठे राहतो आता?”

इतक्या वर्षांत तिने हा शब्द तोंडातून काढला नव्हता. काकांचा कप हातात तसाच राहिला. “पोरीकडे. नदीच्या पलीकडे, शाळेसमोरच्या इमारतीत. पाचव्या मजल्यावर. जिना चढवत नाही म्हणून खाली उतरतच नाही म्हणे.”

“बरं.”

“अगं, पण झालं काय? काही कळवायचं असेल तर दे इकडे, पाकिटात घालून टाकतो डब्यात.”

“नको,” ती म्हणाली. “हातानेच पोचवते.”

तिने चिठ्ठी पुन्हा त्याच घड्यांत घातली, रुमालात बांधली आणि निघाली. पडदा अर्धा शिवलेला, सापडलेली सुई कडेत खोचून ठेवलेली. दारापाशी थांबून ती काकांना एवढेच म्हणाली, “पाच मजले आहेत ना? मला वेळ लागेल. वाट बघू नका.”

काकांनी कप उचलले. दिवा मालवला. दार लावून घेतले.

मित्रांनो, ती पाच मजले चढली की नाही, मला ठाऊक नाही. दार कोणी उघडले, तो तिला काय म्हणाला, की काहीच म्हणाला नाही, हेही ठाऊक नाही. अडगळीतल्या पेटीला येऊन कोण सांगणार? काल कोणीतरी घाईघाईने पडद्याची कड टाचण्यांनी जोडली. आज बाहेर ढोल वाजत आहेत, आणि माणसे कोणासाठी ओरडत आहेत ते मला इथून कळत नाही.

तुमच्याकडे एक मागणे आहे. माझ्यासारख्या मुक्या वस्तू तुमच्या घरांत असतील: पेट्या, कपाटांचे खण, जुन्या पर्सची अस्तरे. आम्ही मुद्दाम काही लपवत नाही. आमच्या फटी तुमच्याच घाईतून राहिलेल्या असतात. म्हणून कोणी शपथेवर सांगत असेल की ‘मी दिलं होतं’, तर त्याला खोटे ठरवण्याआधी आम्हाला एकदा नीट उलटे करा. दोनदा हलवून थांबू नका. तळ थोपटून बघा.

मी आता रिकामी आहे. इतकी वर्षे मी त्या पत्राचे ओझे वाहिले, आणि ते गेल्यावर मला कळले की सोबतही तेवढीच होती. माझ्या नावाने आलेले एकच पत्र होते. ते ज्याने लिहिले त्याच्याकडे निघाले.